नेपाळातलं बारा महिन्यांचं काम प्रत्यक्षात किती महिन्यांचं?

तुमच्या कंपनीला सुदूर पश्चिम नेपाळात एका छोट्या जलविद्युत प्रकल्पाच्या हेडवर्क्सचं, म्हणजे नदीतून पाणी वळवून घेणाऱ्या बांधकामाचं, आणि तिथे जाणाऱ्या नऊ किलोमीटर सरकारी रस्त्याचं काम मिळालंय. मुदत नेपाळी श्रावण १ पासून बारा महिने. साहेब म्हणाले, वर्षाचा बार चार्ट, म्हणजे कामांचं वेळापत्रक, करून आण. म्हणून तुम्ही विचारताय, तिथे सुट्ट्या किती, पाऊस कधी थांबतो, आणि बायको व चार वर्षांच्या मुलीला कधी न्यावं.

सुट्ट्यांची यादी कुठल्याही नेपाळी पात्रोत, म्हणजे तिथल्या कॅलेंडरात, मिळेल. ती बघून केलेला बार चार्ट दसऱ्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही. खरी अडचण अशी की नेपाळात एका वर्षात तीन वर्षं चालतात. एक नदीचं, एक माणसांचं आणि एक पैशाचं. या तिघांचे चांगले महिने एकमेकांना फारसे भेटत नाहीत. नदी कामाला वाट देते तेव्हा तिजोरी बंद असते, आणि तिजोरी उघडते तेव्हा नदीत पाय ठेवता येत नाही. हे मी अकरा वर्षं तिथे काढून सांगतोय, आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी साफ चुकीच्या हिशेबाने घालवली. मी सिव्हिलचा, मूळचा सातारचा. आधी सह्याद्रीत बोगद्यांवर होतो, तेव्हा डोंगर आणि पाऊस आपल्याला कळतो अशी थोडी मिजास होती.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. तुमची नदी हिमनदीतून येते की नुसत्या पावसावर आहे? बर्फाची असेल तर चैत-वैशाखापासूनच पाणी चढायला लागतं आणि जेठात काम करायचा बेत सोडून द्यावा लागतो. साईट किती उंचीवर आहे? दोन हजार मीटरच्या वर पुस-माघात रात्री काँक्रीट झाकून ठेवावं लागतं. बोगदा आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण पावसाळ्यात माणसांना गुंतवायला डोंगराच्या पोटातलं काम हाताशी राहतं. पण सुरुंगाचं सामान तिथे नेपाळी सेनेच्या ताब्यात असतं. परवानगी, वाहतूक, साठा, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. त्या कागदांना लागणारा वेळ वेगळा धरा.

आता कॅलेंडर. आपण मराठी माणसं इथे हमखास फसतो, कारण शब्द सगळे ओळखीचे. विक्रम संवत आपल्याला माहीत आहे, आषाढ-श्रावण तर लहानपणापासून तोंडात. पण नेपाळचे महिने सौर आहेत. वर्ष वैशाख १ ला, म्हणजे १४ एप्रिलच्या आसपास सुरू होतं. त्यांचा श्रावण १६-१७ जुलैला लागतो, जेव्हा आपला बऱ्याचदा आषाढच चालू असतो. महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३२ चा, आणि तोच महिना दरवर्षी तितक्याच दिवसांचा असेल असंही नाही. असार, म्हणजे त्यांचा आषाढ, कधी ३१ दिवसांचा, कधी ३२. आणि सण मात्र आपल्यासारखेच तिथीवर. त्यामुळे दशैं, म्हणजे आपला दसरा, त्यांच्या सौर महिन्यांत दोन-तीन आठवडे पुढेमागे सरकतो. अधिक मास आला की तो उशिरा येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

ही नुसती गंमत समजू नका. कंत्राटाची मुदत, बँक गॅरंटी, विमा, सगळं विक्रम संवतात लिहिलेलं असतं आणि तुमचं हेड ऑफिस ते इंग्रजी तारखेत फिरवून वाचतं. आमच्या ऑफिसातल्या एका हुशार मुलाने वर्षाला ३६५ दिवस आणि महिन्याला ३० असा सरळ हिशेब केला. गॅरंटीची मुदत वाढवायचं पत्र एक दिवस उशिरा पोचलं, तेवढ्यासाठी मला बारा तास जीप हाकत खाली सपाटीवरचं धनगढी शहर गाठावं लागलं. भिंतीवर कालनिर्णय लावाच, पण शेजारी पात्रो टांगा आणि बार चार्टच्या माथ्यावर दोन्ही तारखा छापा.

पाण्याचं आता. नेपाळात मान्सून पूर्वेकडून शिरतो, सरासरीने १३ जूनच्या आसपास, आणि २ ऑक्टोबरच्या आसपास निघून जातो. वर्षाच्या एकूण पावसापैकी ऐंशी टक्क्यांच्या जवळपास याच चार महिन्यांत पडतो. तुम्ही पश्चिम टोकाला आहात म्हणजे तुमच्याकडे तो उशिरा पोचणार. कागदावर हे फार चांगलं दिसतं. २ ऑक्टोबरला पाऊस गेला, थोडं पाणी उतरू दिलं, कार्तिक १ ला, म्हणजे १८ ऑक्टोबरला, कॉफरडॅम, म्हणजे नदी अडवून वळवणारा तात्पुरता बांध, घालायला घेतला.

मी २०२१ साली नेमकं हेच केलं. सुदूर पश्चिमेतल्याच दोटी जिल्ह्यात सेती नदीला मिळणाऱ्या एका खोल्यावर आमचं काम होतं. ओढ्याला तिकडे खोला म्हणतात, नाव ऐकून तो लहान समजू नका. त्या वर्षी दशमी १५ ऑक्टोबरला होती. माणसं दशैंला गावी गेलेली. जायच्या आधी मी घाई करून अर्धा बांध घालून घेतला होता. धोंडे, मातीची पोती, मध्ये चिकणमातीचा गाभा. माणसं परतली की उरलेला अर्धा आठवड्यात बंद करू असा विचार. साईटवर मी, एक ड्रायव्हर, स्वयंपाक्या आणि चार चौकीदार. १७ तारखेला आभाळ भरून आलं आणि मग तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. १८ च्या रात्री नदीच्या तळातून धोंडे गडगडत जायला लागले. तो आवाज कानापेक्षा तळपायांना आधी कळतो, जमीन थरथरते. चौकीदाराने टॉर्च मारला, तर पाणी दिसेचना, नुसता तपकिरी चिखल अंगावर आल्यासारखा. पहाटेपर्यंत बांध गेला, पाणी उपसायचे दोन पंप गेले आणि जनरेटर छातीएवढ्या गाळात उभा.

नुकसान एवढ्यावर थांबलं नाही, म्हणून हा किस्सा सांगतोय. त्याच पावसात पश्चिम नेपाळभर कापून शेतात वाळत घातलेला भात भिजला आणि वाहून गेला. माझी माणसं त्याच गावांतली. दशैंनंतर परतायचं सोडून ती भिजलेल्या पेंढ्या उचलत बसली, मग तिहार, म्हणजे तिथली दिवाळी, आला, मग छठ. गँग पुरी भरली ती मंसिर सुरू झाल्यावर, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. एका पावसाने माझा बांधही नेला आणि तो परत घालणारे हातही महिनाभर अडकवले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की पावसाचं शेपूट त्याच्या पोटापेक्षा वाईट. भर पावसाळ्यात सगळेच सावध असतात, नदीत कोणी उतरत नाही. माणसं बेसावध होतात ती शेवटी. २०२४ साली २६ ते २८ सप्टेंबरला काठमांडू खोरं आणि रोशी नदीचा परिसर बुडाला, दोनशेहून जास्त माणसं गेली, बीपी महामार्ग जागोजाग वाहून गेला. त्यानंतर आठवड्याच्या आत घटस्थापना होती. २०२५ साली दशमी २ ऑक्टोबरला झाली आणि ४-५ ऑक्टोबरच्या पावसात इलामात दरडी कोसळून पुन्हा डझनांनी बळी गेले. म्हणून नदीतलं काम मंसिर १ च्या आधी बार चार्टवर दाखवू नका. साहेब म्हणतील, महिना फुकट घालवतोस. घालवा. त्या महिन्यात रस्त्याच्या दरडी साफ करा, क्रशर लावा, सळई कापून वाकवून ठेवा.

आता माणसं. हा विषय मोठा आहे आणि बार चार्टमध्ये याला ओळच नसते.

दशैं पंधरा दिवसांचा, घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत. त्याला ते कोजाग्रत पूर्णिमा म्हणतात. आपल्याकडे घटात उगवलेलं धान दसऱ्याला टोपीत खोवतात, तिथे तेच जमरा म्हणून वडीलधाऱ्यांकडून टिक्याबरोबर डोक्यावर घेतात. फरक एवढाच की आपल्याकडे दसरा एक दिवसात उरकतो, तिथे माणूस टिका घ्यायला मामाकडे, सासरी, चुलत्याकडे असा पूर्णिमेपर्यंत हिंडतो. ते टाळणं म्हणजे नातं तोडणं. मधे श्वास घ्यायला दोन आठवडे आणि मग तिहार, पाच दिवस. कावळ्याची पूजा, कुत्र्याची पूजा, लक्ष्मी, गोवर्धन, आणि शेवटी भाईटिका. तुमची सळई-सेंटरिंगची गँग बहुधा तराईतली, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्ट्यातली, नाहीतर बिहारची असेल. ती दशैंला थोडी थांबते, पण तिहारनंतरच्या छठला एकही टिकत नाही. पहाडी गँग परतायच्या वेळी ही गँग जाते. दोन्ही एकत्र साईटवर दिसायला सुरुवातीपासून सहा आठवडे लागतात. मी पहिल्या वर्षी पंधरा दिवस धरले होते.

त्यात पैशाचीही तयारी ठेवा. २०१७ च्या श्रम कायद्याप्रमाणे कामगाराला वर्षाकाठी एक महिन्याच्या मूळ पगाराइतका सणखर्च द्यावा लागतो आणि तो सगळे दशैंलाच मागतात. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी तो हातात पडला पाहिजे, कारण बसची तिकिटं तेव्हाच काढायची असतात आणि खशीचा, म्हणजे बोकडाचा, सौदाही तेव्हाच होतो. इथे कंजुषी केलेला ठेकेदार मंसिरात माणसं शोधत फिरतो.

बाकीचे छोटे खड्डे लक्षात ठेवा. तुमच्या भागात भाद्रपदात गौरा असते. आपल्या गौरींचीच नात्यातली, पाच धान्यं भिजवून बिरुडा करतात आणि रात्र रात्र देउडा, म्हणजे फेर धरून गाणी, खेळतात. माघ १ ला थारू लोकांचं नवं वर्ष, माघी. तराईतला थारू कामगार असेल तर आठवडा गेला. बझांग-दार्चुला बाजूची माणसं असतील तर जेठ-असारात गावंच्या गावं यार्सागुम्बा शोधायला उंच कुरणांवर चढतात. त्या एका किड्याच्या बुरशीला चीनमध्ये जो भाव मिळतो, त्यापुढे तुमची रोजंदारी काहीच नाही, तेव्हा रागावण्यात अर्थ नाही. आणि असार १५ ला भातलावणीचा दिवस, दही-चिउरा, म्हणजे दही-पोहे, खायचे, चिखलात उतरायचं. तो एक दिवस नसतो, त्याच्या आगेमागे पंधरवडा लावणीच चालते.

या सगळ्याखाली एक मोठी गळती आहे. २०२१ च्या जनगणनेत नेपाळची लोकसंख्या २ कोटी ९१ लाख निघाली आणि त्याखेरीज जवळजवळ २२ लाख माणसं देशाबाहेर आहेत असं घरच्यांनी सांगितलं. बाहेरून येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या सुमारे चौथा हिस्सा भरतो. आखात, मलेशिया, कोरिया हे पूर्व आणि मध्य नेपाळचं. तुमच्या सुदूर पश्चिमेची जुनी वाट मात्र हिंदुस्थानची. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या गेटवर बसलेल्या कितीतरी वॉचमनांचं गाव अछाम, दोटी नाहीतर बझांग असतं. माझा एक नाईके, म्हणजे मुकादम, सहा वर्षं हडपसरला गेटवर होता. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभा राहून अस्सल मराठीत म्हणाला, "साहेब, उचल पाहिजे." मी हसलो आणि दिली. चाळीस माणसं आणेन म्हणाला होता, सव्वीस आणली. उरलेली चौदा कुठे, विचारलं तर म्हणाला, "तुमच्याच गावात आहेत, बिल्डिंगी राखतात." म्हणून गँग ठरवताना कबूल केलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांश धरून चाला.

आता पैसा. इथे तुमचे मालक दोन आहेत, प्रकल्पाचा खाजगी प्रवर्तक आणि रस्त्याचं सरकारी खातं. दोघांची घाई वेगवेगळ्या महिन्यांत असते.

सरकारचं आर्थिक वर्ष श्रावण १ ला सुरू होतं आणि असारच्या शेवटच्या दिवशी, असार मसान्ताला, संपतं. २०१५ च्या संविधानाने अर्थसंकल्प जेठ १५ ला, म्हणजे मेच्या अखेरीला, मांडायची तारीखच बांधून दिली. हेतू चांगला होता. दीड महिन्यात मंजुरी व्हावी आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून खर्च करता यावा. पण श्रावण-भदौ (भाद्रपद) पावसाचे. असोज (आश्विन)-कार्तिक दशैं-तिहारचे. साहेब लोक खुर्चीत बसून टेंडरचे कागद हलवायला लागतात ते मंसिरात. टेंडर निघून, उघडून, कोणीतरी तक्रार करून, ती मिटून करार व्हायला माघ-फागुन येतो. ठेकेदार आगाऊ रक्कम उचलतो, तिला तिथे पेस्की म्हणतात, पोकलेन आणतो आणि चैतात काम सुरू करतो. मग वैशाख, जेठ आणि असार. न खर्चलेला पैसा परत जाणार, म्हणून सगळी बिलं असारात. याला तिथे नावच आहे, असारे विकास.

आपल्याकडचा मार्च एंड तुम्ही पाहिला असेल. आजार तोच. पण आपला मार्च कोरडा असतो, निदान डांबर कोरड्या जमिनीवर पडतं. नेपाळात तोच आजार ऐन पावसात उपटतो. असारच्या शेवटच्या आठवड्यात मी डडेल्धुराच्या अलीकडे जीप थांबवून बघितलंय. चार माणसं ताडपत्रीची चार टोकं धरून रस्त्याच्या मधोमध उभी, ताडपत्रीखाली दोघेजण गरम डांबर पसरतायत, मागून रोलर येतोय आणि रोलरच्या चाकाखालून वाफ आणि पाणी एकदमच निघतंय. ताडपत्री पुढे सरकली की मागच्या ताज्या डांबरावर पाऊस. ओव्हरसियर छत्री धरून मोजमापाच्या वहीत आकडे लिहीत होता, वही मात्र कोरडी. दशैंला गावी येणाऱ्या बसेस त्याच पट्ट्यातले खड्डे चुकवत गेल्या. लोक याला नुसता भ्रष्टाचार म्हणतात. तो आहेच, पण माझ्या मते निम्मा दोष तारखेचा आहे. पावसाळी डोंगराळ देशाने वर्ष श्रावणात सुरू करावं यासारखा दुसरा उलटा महिना सापडणार नाही.

तुमच्या रस्त्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. तुमचा करार श्रावणातच झालाय, ही दुर्मिळ गोष्ट, तिचा फायदा घ्या. माती खोदाई आणि रिटेनिंग वॉल मंसिर ते फागुनात संपवा आणि त्याची मोजमापं चैत मसान्तापर्यंत सही करून घ्या. असारात फक्त कागद हलवायचा, माती नाही. असारात खात्यासमोर बिलांचा गठ्ठा असतो आणि ज्याची मोजमापं आधी झालेली आहेत त्याचंच बिल वर राहतं. ओल्या डोंगरावर पोकलेन घालू नका. वरची दरड तुमचीच वाट बंद करते आणि मग खालच्या हेडवर्क्सला सिमेंट पोचत नाही.

खाजगी प्रवर्तकाची घाई नदीच्या बाजूची. छोट्या, धावत्या पाण्यावरच्या, म्हणजे पाणी न साठवणाऱ्या, प्रकल्पाला ठरलेला दर पावसाळी युनिटला ४.८० नेपाळी रुपये आणि कोरड्या हंगामात ८.४०. दर कोरड्यात जास्त, पण तेव्हा पाणीच नसतं. वर्षाची बहुतेक युनिटं पावसात निघतात. म्हणजे असारच्या आत मशीन फिरली नाही तर त्याचं जवळजवळ सगळं वर्ष बुडालं आणि बँकेचं व्याज दर तिमाहीला, असोज, पुस, चैत आणि असार मसान्ताला, दारात उभं. म्हणून फागुनापासून तो रोज फोन करणार. अख्ख्या देशाची वीजही अशीच चालते. मोठ्या साठ्याचा प्रकल्प म्हणजे एक कुलेखानी, बाकी बहुतेक धावत्या पाण्यावर. म्हणून नेपाळ पावसात भारताला वीज विकतो, जून २०२५ पासून बांगलादेशालाही ४० मेगावॉट देतो, आणि हिवाळ्यात भारताकडून विकत घेतो. २०१६ च्या तिहारपर्यंत काठमांडूत लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर घरं चालायची, त्यामानाने हे फारच बरं.

तर हिशेब असा बसतो. श्रावण, भदौ, असोज नदीला हात नाही. कार्तिक माणसांशिवाय. मंसिर १ ते जेठ मध्य साडेसहा महिने. त्यातून माघी, होळी, चैते दशैं, नववर्ष, एखादा बंद, एखादा स्थानिकांचा रस्ता अडवण्याचा दिवस, थंडीचे आठ-दहा दिवस काढा. नदीतल्या कामाला निव्वळ साडेपाच महिने राहतात. बाराचे साडेपाच. बर्फाची नदी असेल तर पाच.

म्हणून बार चार्ट मागून पुढे काढा. जेठ १५ ला हेडवर्क्सची गेट्स बसलेली पाहिजेत, तिथून उलटे या. डिसँडरच्या, म्हणजे पाण्यातली वाळू खाली बसवणाऱ्या टाकीच्या, भिंती चैत अखेर, वियरचं, म्हणजे नदीतल्या आडव्या बंधाऱ्याचं, काँक्रीट फागुन, नदी वळवणं मंसिरचे पहिले तीन आठवडे. यात बसत नसेल तर आजच साहेबांना सांगा की काम दोन हिवाळ्यांचं आहे. सुरुवातीला सांगितलेलं चालतं, जेठात सांगितलेलं चालत नाही. माल भरताना सळई आणि डिझेल पावसाआधी भरा, पण सिमेंट नको. डोंगरातल्या दमट हवेत तीन महिन्यांत पोत्यात खडे होतात आणि मग मुकादम ते फोडून वापरतो.

राजकारणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी घरचे विचारतील. ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जण गेले, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद आणि सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय, जळाले. १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. मी तेव्हा साताऱ्यात होतो. टीव्ही बघून जुन्या नाईकेला फोन लावला. म्हणाला, "सर, हामी ठीक छौं, बाटो मात्र बन्द छ." आम्ही ठीक आहोत, रस्ता तेवढा बंद आहे. पुढचा प्रश्न त्यानेच विचारला, दशैंची रक्कम वेळेवर येईल का. १९९० पासून तिथे एकाही पंतप्रधानाने सलग पाच वर्षं पुरी केलेली नाहीत. सरकार पडलं की साईट क्वचितच थांबते. थांबतात त्या सह्या. जादा कामाची मंजुरी, मुदतवाढ असले कागद खुर्ची बदलायच्या आत हलवून घ्या.

राहता राहिलं घर. बायको-मुलीला सुरुवातीला नेऊ नका. श्रावण-भदौत धनगढीहून वर येणारा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही आणि लहान मुलीला घेऊन दरडीच्या अलीकडे दोन दिवस बसणं मी शत्रूलाही सुचवणार नाही. तिहारनंतर आणा. मंसिर-पुस डोंगरात ऊन छान असतं, हिमालय दिसतो, तुम्हीही थोडे स्थिरावलेले असाल. पण तेव्हा तुमचं काम सगळ्यात जोरात असणार, त्यामुळे महिनाभराची भेट ठरवा, कायमचा मुक्काम नको. काठमांडूला न्यायचं म्हणत असाल तर चैत टाळा. रानं पेटतात, शेतातला धूर, खोऱ्यात हवा अडकते, आणि मुलांचे खोकले महिनाभर जात नाहीत. शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं, पण तुमची मुलगी चार वर्षांची, एक वर्ष घरी राहिली तर काही बिघडत नाही.

काठमांडूत मराठी माणूस भेटेल का, असं तुमच्या पत्नीला वाटत असणार. भेटतो. खानापूर-आटपाडीकडची सोन्याच्या गलाईवाली, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणारी, मंडळी तिथेही पोचलेली आहेत, गणपती बसवतात. दोटीत मात्र कोणी नाही, तिथे तुमचा नाईके हडपसरचा निघाला तर निघाला.

कागदपत्रांचं एक. रस्त्याने गेलात तर सीमेवर फार कोणी अडवत नाही, पण विमानाने जाताना तुम्हा दोघांकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पाहिजे, आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत. चलनाचा दर सोपा आहे, १९९३ पासून आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. हेड ऑफिसला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर सकाळच्या मीटिंगला तुम्ही रोज पाव तास आधी येऊन बसाल. आणि माझ्या काळात तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असायची, रविवारी पूर्ण कामाचा दिवस, त्यामुळे शुक्रवारी दुपारनंतर खात्यात कोणाची सही मिळेल अशी आशा धरू नका.